हार्डवेअर वॉलेट चालूच होईना? आधी केबल बदला, आणि ते २४ शब्द कुणालाही सांगू नका

समजा, मंठ्यातला एक पोरगा आहे. तीन-चार वर्षं थोडे थोडे करून त्याने बिटकॉइन घेतलेत. एक्स्चेंज हॅक झाल्याच्या बातम्या वाचल्या आणि पेनड्राइव्हएवढं एक हार्डवेअर वॉलेट मागवलं. सगळी नाणी त्यावर हलवली आणि ते कपाटात ठेवून दिलं. आठ महिन्यांनी एका रात्री काढून लॅपटॉपला जोडलं, तर स्क्रीन काळीच. वायर हलवून पाहिली, पोर्ट बदललं, काही फरक नाही.

आता जायचं कुठं? बाजारपेठेतल्या मोबाईल रिपेअरिंगवाल्याने ही वस्तू बहुधा कधी उघडून पाहिलेली नसते. जालना तास-दीड तासावर आहे, पण फोनचं असतं तसं या वॉलेटचं सर्व्हिस सेंटर तिथंही नाही. मग माणूस तेच करतो जे बँकेचं ॲप अडकल्यावर करतो. गुगलवर कंपनीचं नाव टाकतो, पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ लिहितो आणि पहिला दिसेल तो नंबर फिरवतो. समोरचा अगदी आदबीने हिंदीत बोलतो, ‘सर, आपका वॉलेट सिंक नहीं हो रहा है’ म्हणतो, व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवतो आणि त्या पानावर २४ शब्द टाकायला सांगतो.

स्क्रीन काळी पडली तेव्हा त्याचा एक रुपयाही गेलेला नव्हता. या शेवटच्या पायरीवर मात्र सगळे जातात.

डबीत नाणी नसतातच

हार्डवेअर वॉलेट म्हटलं की ही एक डिजिटल तिजोरी आहे आणि बिटकॉइन तिच्या आत ठेवलेत, असं वाटतं. तसं नाही. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत याची नोंद ब्लॉकचेनवर असते, म्हणजे जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेल्या खातेवहीत. ती नाणी हलवायला एक गुप्त किल्ली लागते. हार्डवेअर वॉलेट ही किल्ली इंटरनेटपासून लांब सांभाळतं आणि व्यवहारावर सही करतं, एवढंच त्याचं काम.

वॉलेट पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीनवर एकामागून एक १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दिसतात आणि ते कागदावर लिहून घ्यायला सांगितलं जातं. याला सीड फ्रेज म्हणतात. जालना जिल्ह्यातल्या माणसाला ‘सीड’ हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. १९६४ साली महिको जालन्यात सुरू झाली आणि आज बियाण्यांच्या धंद्यात शहराचं नाव देशभर आहे. इथंही अर्थ तोच. एका बियातून पूर्ण झाड यावं तसं या शब्दांमधून वॉलेटमधल्या सगळ्या किल्ल्या आणि सगळे पत्ते गणिताने तयार होतात. तेच शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या डिव्हाइसमध्ये टाकले की तेच खाते पुन्हा उभं राहतं.

म्हणून डबी विहिरीत पडली, बैलगाडीखाली आली, तरी कागद शाबूत असेल तर नवं डिव्हाइस घेऊन सगळं परत मिळतं. उलट, डबी कपाटात कुलूपबंद आहे पण त्या कागदाचा फोटो कुणाच्या हाती लागला, तर डबीला हातही न लावता खातं रिकामं करता येतं.

आता तक्रारींकडे येऊ.

काळी स्क्रीन: दहापैकी बराच दोष वायरचा

जुन्या लेजर नॅनो एस आणि ट्रेझर वन या मॉडेलना मायक्रो यूएसबी लागते. घरात जुन्या फोनच्या अशा चार वायरी पडलेल्या असतात, त्यातली एखादी उचलून लोक जोडतात. गोची अशी की बऱ्याच स्वस्त वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. त्यातून वीज जाते, डेटा जात नाही. स्क्रीन पेटते पण कॉम्प्युटरला डिव्हाइस दिसत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच. डबीसोबत आलेली वायर वापरा, नाहीतर दुकानात ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांगून मागा.

त्यानंतर यूएसबी हब काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. ब्राउझर आणि वॉलेटचं ॲप अशी दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी डिव्हाइसशी बोलत असतील तर एक बंद करा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर कंपनीने यूएसबी बंद केलेलं असू शकतं. लेजर नॅनो एक्समध्ये बॅटरी असते. महिनोन्महिने पडून राहिलं की ती पूर्ण उतरते, म्हणून तासभर चार्जिंगला लावून मगच निष्कर्ष काढा. ब्लूटूथ जुळत नसेल तर फोनच्या यादीतून आणि डिव्हाइसमधूनही जुनी जोडणी पुसून नव्याने जोडा.

एवढं करूनही स्क्रीन काळीच राहिली तर डिव्हाइस गेलं असं समजा. फक्त डिव्हाइस.

पिन विसरला

इथं लोकांचा घाम फुटतो, पण हा प्रकार सगळ्यात सोपा आहे. लेजरवर तीन वेळा चुकीचा पिन टाकला की ते स्वतःला कोरं करून टाकतं. ट्रेझर १६ प्रयत्न देतं, पण ट्रेझर वनवर प्रत्येक चुकीनंतर थांबायचा वेळ दुप्पट होत जातो. डबी चोरीला गेली तर चोराला अंदाज लावत बसता येऊ नये म्हणून ही सोय आहे. मालकासाठी मात्र हाच परत यायचा रस्ता. मुद्दाम चुकीचा पिन टाकून डिव्हाइस कोरं करायचं, ‘रिस्टोअर’ निवडायचं, शब्द टाकायचे आणि नवा पिन ठेवायचा.

यात अट एकच. कोरं करण्याआधी शब्दांचा कागद हातात आहे आणि त्यावरचं अक्षर नीट लागतं, याची खात्री करा. कागद नसेल आणि डिव्हाइस अजून पिनने उघडत असेल तर ते कोरं करायचा विचारही करू नका. आधी नाणी दुसऱ्या, शब्द लिहून ठेवलेल्या वॉलेटवर हलवा.

बॅलन्स शून्य दिसतोय

ही तक्रार सगळ्यात जास्त घाबरवते आणि सगळ्यात जास्त लोक इथंच चुकीच्या माणसाला फोन लावतात. त्यामुळे जरा सावकाश बघू.

पहिलं काम, आपला पत्ता कॉपी करायचा आणि ब्लॉक एक्सप्लोररवर टाकायचा. ही कुणालाही मोफत बघता येणारी वेबसाइट असते, खातेवही उघडून बघण्यासारखी. तिथं नाणी दिसत असतील तर प्रश्न फक्त ॲपच्या दाखवण्याचा आहे. ॲप अपडेट करा, कॅशे पुसा, खातं काढून पुन्हा जोडा. खातं काढल्याने किंवा डिव्हाइसमधलं बिटकॉइनचं ॲप उडवल्याने नाणी जात नाहीत. जुन्या नॅनो एसमध्ये जागाच इतकी कमी होती की लोक एक ॲप काढून दुसरं टाकत असत.

दुसरी शक्यता पत्त्याच्या प्रकाराची. बिटकॉइनचे पत्ते एकाहून जास्त प्रकारचे आहेत. काही १ ने सुरू होतात, काही ३ ने, तर नवे बी-सी-१ ने. डिव्हाइस बदलल्यावर ॲप फक्त नवा प्रकार तपासतं आणि जुन्या प्रकारच्या खात्यावरचे पैसे दिसत नाहीत. खातं जोडताना सगळे प्रकार दाखवा असा पर्याय निवडला की ते समोर येतात. शिवाय बिटकॉइनमध्ये पैसे घेताना दर वेळी नवा पत्ता दिसतो. जुना पत्ता त्यामुळे रद्द होत नाही.

तिसरी शक्यता नेटवर्कची, आणि भारतात ती बरीच दिसते, कारण इथं यूएसडीटी वापरणारे भरपूर. हे नाणं इथेरियम, ट्रॉन, बीएनबी स्मार्ट चेन अशा अनेक नेटवर्कवर चालतं. एक्स्चेंजमधून काढताना फी कमी दिसली म्हणून बीएनबी चेन निवडली आणि वॉलेटमध्ये इथेरियमचं खातं उघडून बसलं, तर तिथं शून्यच दिसणार. या दोन्ही चेनवर पत्ता सारखाच असतो, त्यामुळे पैसे आपल्याच किल्लीखाली आहेत. ॲपमध्ये बीएनबी चेनचं खातं जोडलं की दिसतील.

आणि चौथी, पासफ्रेज. काही लोक २४ शब्दांच्या जोडीला स्वतःचा एक जास्तीचा शब्द ठेवतात. तो चुकला तर ‘पासवर्ड चुकीचा’ असा मेसेज येत नाही. प्रत्येक पासफ्रेज एक वेगळं आणि खरंखुरं वॉलेट उघडतो. कॅपिटल अक्षर किंवा एखादी स्पेस इकडची तिकडे झाली की समोर रिकामं वॉलेट. पैसे जागेवरच असतात, माणूस दुसऱ्याच खोलीत शिरलेला असतो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वॉलेट घेणाऱ्याने पासफ्रेजच्या भानगडीत पडूच नये. चोरापेक्षा स्वतःच्या विसरभोळेपणाचा धोका जास्त.

एक्सप्लोररवर नाणी आपल्याला माहीत नसलेल्या पत्त्यावर गेलेली दिसत असतील, तरच ती चोरी.

पैसे आहेत पण जात नाहीत

यूएसडीटी पाठवायला यूएसडीटी असून भागत नाही. ट्रॉनवर फीसाठी टीआरएक्स लागतं, इथेरियमवर इथर. खात्यात हजार डॉलरचे यूएसडीटी आणि इथर शून्य असेल तर व्यवहार अडतो. थोडं इथर मागवलं की सुटतो. बिटकॉइन ‘पेंडिंग’ राहिलं असेल तर फी कमी लावली गेली आहे. बिटकॉइनचा नवा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो आणि त्यात जास्त फीवाले आधी बसतात. फी वाढवण्याचा पर्याय ॲपमध्ये असेल तर वापरा, नाहीतर वाट बघा. ‘अडकलेला व्यवहार सोडवून देतो’ म्हणणाऱ्याकडे सोडवण्यासारखं काही नसतं.

अपडेट चालू असताना लाईट गेली

डेस्कटॉप बंद पडला आणि डिव्हाइसवर कसलातरी ‘बूटलोडर’ असा शब्द अडकून बसला. पुन्हा जोडा, अधिकृत ॲप उघडा, अपडेट परत चालवा. बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. नाही आली तर कोरं करून शब्दांवरून उभं करता येतं. म्हणूनच फर्मवेअर अपडेट करताना शब्दांचा कागद घरात, हाताशी हवा. गावाकडच्या घरात असेल तर अपडेट पुढच्या आठवड्यावर ढकलावं, आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली असताना करावं.

शब्द टाकले तरी ‘चुकीचे’ म्हणतंय

हे शब्द डिक्शनरीतून कसेही उचललेले नसतात. ठरलेल्या २०४८ शब्दांच्या यादीतून ते येतात आणि त्या यादीत प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी आहेत. घाईत लिहिलेलं शेवटचं अक्षर लागत नसेल तरी पहिल्या चार अक्षरांवरून शब्द सापडतो. शेवटच्या शब्दात आधीच्या सगळ्यांचा ताळा दडलेला असतो, त्यामुळे एक शब्द चुकला किंवा दोघांची अदलाबदल झाली की डिव्हाइसला बहुतेक वेळा कळतं. ‘चुकीचे’ हा मेसेज आला तर आधी क्रम तपासा. दोन रकान्यांत लिहिलेला कागद आडवा वाचायचा की उभा, इथं हमखास घोळ होतो. ट्रेझरच्या काही नव्या मॉडेलमध्ये २० शब्द असतात, त्यांची यादी वेगळी आहे आणि ते लेजरमध्ये चालत नाहीत.

शब्द टाकायचे ते डिव्हाइसवरच, त्याचीच बटणं दाबून. जुनं ट्रेझर वन याला थोडं अपवाद आहे. ते शब्द कॉम्प्युटरवर मागतं, पण उलटसुलट क्रमाने, आणि कितवा शब्द हवाय ते फक्त डिव्हाइसच्या स्क्रीनवर दिसतं. त्यातही डिव्हाइसवरच शब्द निवडायचा पर्याय आहे, वेळ जास्त लागतो, पण तोच घ्यावा. वेबसाइटवर २४ रकाने एका ओळीत दिसले की ते पान चोराचं.

चोर नेमका कुठून येतो?

नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत ॲप स्टोअरवर लेजरच्या नावाने एक बनावट ॲप बसलं होतं. लोकांनी विश्वासाने उतरवलं, शब्द टाकले आणि जवळपास ६ लाख डॉलरचे बिटकॉइन गेले. म्हणजे ‘स्टोअरवरून घेतलं’ हेही पुरेसं नाही. कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून तिथल्या लिंकवरूनच ॲप घ्यायचं, गुगलच्या जाहिरातीतून कधीच नाही.

चोराला तुमच्याकडे वॉलेट आहे हे कळतं कसं, असा प्रश्न पडेल. लेजरच्या ऑनलाइन दुकानाचा डेटा २०२० मध्ये फुटला. सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर उघड झाले. पुढे काहींच्या घरी पोस्टाने चक्क बनावट लेजर आलं, ‘तुमचं जुनं सुरक्षित नाही, हे वापरा’ अशा पत्रासह. जानेवारी २०२४ मध्ये ट्रेझरच्या ग्राहक मदतीचं बाहेरचं पोर्टल फुटलं आणि मदत मागितलेल्या ६६ हजार लोकांच्या संपर्काची माहिती धोक्यात आली. त्यामुळे फोनवरच्या माणसाला तुमचं नाव, गाव आणि मॉडेल माहीत आहे, यावरून तो कंपनीचा ठरत नाही.

सेकंडहँड आणि अति स्वस्त वॉलेटचंही तेच. कॅस्परस्कीने मे २०२३ मध्ये एका बनावट ट्रेझरची चिरफाड केली. बाहेरून हुबेहूब, आत चिप बदललेली आणि मोजके २० सीड आधीच भरलेले. मालकाला वाटलं नवे शब्द तयार झाले, प्रत्यक्षात ते चोराच्या यादीतलेच होते. त्या माणसाचे १.३३ बिटकॉइन गेले. डबीत शब्द आधीच छापून आले असतील, स्क्रॅच कार्डवर का असेना, तर ती डबी वापरायची नाही.

मुंबईच्या वझीरएक्सकडेही हीच वॉलेट होती

१८ जुलै २०२४ ला मुंबईतून चालणाऱ्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी ५० लाख डॉलर गेले. कंपनीने स्वतः सांगितलं की त्या वॉलेटवर सहा सह्यांचे अधिकारी होते, व्यवहाराला त्यांच्या तिघांची सही आणि शेवटी कस्टडी सांभाळणाऱ्या लिमिनलची मंजुरी लागायची. ते तिघंही लेजर वापरत होते. मग झालं काय? वझीरएक्सच्या म्हणण्यानुसार कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसत होता एक व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झाली दुसऱ्याच मजकुरावर. लिमिनलने आपली यंत्रणा फुटली नसल्याचं सांगितलं. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने जानेवारी २०२५ मध्ये या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं संयुक्त निवेदन दिलं. पुढच्याच महिन्यात बायबिट एक्स्चेंजमधून जवळपास १५० कोटी डॉलर गेले, तेही याच धर्तीवर.

साध्या माणसाला याचा उपयोग काय? लॅपटॉपच्या स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही. कॉपी-पेस्ट करताना पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस जुनेच आहेत. डबीच्या छोट्या स्क्रीनवर पत्ता आणि रक्कम दिसते, ती वाचायलाच तर डबी घेतली. पत्ता पूर्ण जुळवा. आणि डिव्हाइस ‘ब्लाइंड सायनिंग’ चालू करू का विचारत असेल, तर मजकूर न वाचता कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही मागतंय असं समजा.

पुण्याचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. गेनबिटकॉइन घोटाळ्याच्या २०१८ च्या तपासात पुणे पोलिसांनी तांत्रिक मदतीला घेतलेल्या दोघांना, त्यात एक माजी आयपीएस अधिकारी, मार्च २०२२ मध्ये पोलिसांनीच अटक केली. आरोप असा की आरोपींच्या वॉलेटमधली नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला या प्रकरणातल्या एका आरोपीला आदेश द्यावा लागला की वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड ईडीला दे. किल्ली नसेल तर सरकारलाही नाणी हलवता येत नाहीत, आणि मदतीला आलेल्या माणसाला किल्ली दिसली की काय होऊ शकतं, दोन्ही एकाच खटल्यात.

शब्द कुणाला सांगून बसलात तर

पोलीस स्टेशनला नंतर जा. आधी मिनिटांत नवं वॉलेट तयार करा, नव्या शब्दांचं, आणि उरलेली नाणी तिकडे हलवा. पिन बदलून उपयोग नाही, डिव्हाइस कोरं करून त्याच शब्दांवर उभं करूनही नाही. त्यानंतर १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि व्यवहाराचा हॅश, चोराचा पत्ता, चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे जा. चोरलेली नाणी भारतातल्या नोंदणीकृत एक्स्चेंजवर आली तर खातं गोठवायची शक्यता असते. आणि यानंतर इन्स्टाग्रामवर ‘तुमचे क्रिप्टो परत मिळवून देतो’ म्हणणारे येतील, आगाऊ फी मागतील. तो दुसरा चोर.

कागदाचं काय करायचं हेही सांगून टाकू. फोनमध्ये फोटो नको, गुगल ड्राइव्ह नको, स्वतःला व्हॉट्सॲपही नको. सातबारा आणि एफडीच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवलेल्या कागदाला वाळवी लागते, पावसाळ्यात शाई फुटते. स्टीलच्या पत्र्यावर शब्द ठोकून घ्यायची पद्धत जगभर आहे, आणि जालन्यासारख्या लोखंडाच्या गावाजवळ पत्र्याची टंचाई नाही. फक्त ठोकायचे स्वतःच्या हाताने, वर्कशॉपवाल्याला यादी देऊन नाही.

मंठ्याच्या त्या पोराची वायर चार्जिंगची निघाली तर त्याने आणखी एक काम लगेच करावं. ट्रेझरच्या ॲपमध्ये बॅकअप तपासायची सोय आहे, लेजरवर रिकव्हरी चेक आहे. डिव्हाइस चालू असतानाच कागदावरचे शब्द एकदा तपासून घ्यावेत. चूक निघाली तर नाणी अजून हलवता येतात.